तुझं हक्काचं गाणं

शरयू, तुझं कराओकेचं मशीन मी चॅरिटी शॉपला जाऊ दिलं नाही, हे आधी सांगून टाकते. बाकीचं सावकाश बोलू. तुला आता कसली घाई नाही, आणि मी तर मार्चमध्येच रिटायर झालेय.

तू गेलीस त्याला आज चोवीस दिवस झाले. पंधराव्या दिवशी रेवाचा फोन आला. तुझी लेक फोनवर नेहमी कामाचं आधी बोलते, अगदी तुझ्यासारखी. म्हणाली, "मावशी, आईचा मशीन चॅरिटी शॉपला देऊ का? माझ्या फ्लॅटमध्ये जागाच नाहीये." तू असतीस तर आधी तिचं मराठी सुधारलं असतंस. मी एकदम म्हणाले, देऊ नकोस, महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सगळ्यांना आईच्याच घरी बोलाव, नेहमीसारखं. ती म्हणाली, "आईशिवाय?" मी हो म्हणाले आणि फोन ठेवून जिन्यात बसून राहिले. प्रकाश विचारत होता काय झालं, तर त्याला म्हटलं, मी काहीतरी भलतंच कबूल करून बसलेय.

भलतंच अशासाठी, की क्रिमेटोरियममध्ये मी शेपूट घातली होती. तुला ठाऊक असलेलं बरं. रेवाने आदल्या दिवशी विचारलं होतं, आईचं एखादं जपानी गाणं लावू का. आणि मी, तुझी सख्खी मैत्रीण म्हणवणारी, म्हणाले, नको गं, लोकांना विचित्र वाटेल. मग मंडळातल्या कुणीतरी फोनवरून भजन लावलं. भजन चांगलं होतं. पण तू जन्मात कधी भजन म्हटलं नाहीस, आणि आम्हाला मिळालेल्या त्या अर्ध्या तासात तुझं असं काहीच नव्हतं. घरी येईपर्यंत मी स्वतःला शिव्या देत होते. तुलाही दिल्या थोड्या, इतक्या लवकर गेलीस म्हणून.

तुला मी पहिल्यांदा पाहिलं ते एजवेअरच्या शाळेच्या हॉलमध्ये, गणपतीच्या कार्यक्रमात. पोरांचा नाच झाला, पाककृती स्पर्धेचा निकाल लागला, आणि मग तू जांभळी इरकल नेसून स्टेजवर आलीस. तुझी ओळख करून देताना निवेदकाने सांगितलं की या अकरा वर्षं कोबेला राहिल्यात, यजमान जहाजबांधणीत होते. आम्हाला वाटलं, जपानी नमस्कार वगैरे करून दाखवशील. तू माइक धरलास, डोळे मिटलेस आणि जपानीत एक असं रडकं गाणं सुरू केलंस की हॉल चिडीचूप. माझ्या मागे बसलेली बाई शेजारणीला म्हणाली, हिच्या पोटात दुखतंय का गं.

मी मात्र ताठ बसले होते. एका अक्षरावर तू आवाज असा वळवून, घोळवून, थरथरवून सोडत होतीस की मला सांगलीतला माझा गाण्याचा क्लास आठवला. म्हटलं, ही तर आपल्या नाट्यसंगीताची चुलत बहीण निघाली. कार्यक्रम संपल्यावर चहाच्या रांगेत तुला गाठून हे सांगितलं, तर तू मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलंस आणि विचारलंस, गातेस का? मी म्हणाले, नाही, पूर्वी गायचे.

"गायचे म्हणजे? मध्ये मेली होतीस की काय?"

हे वाक्य मी गेल्या तीन आठवड्यांत किती वेळा आठवलंय, विचारू नकोस.

तर हो, मेलेच होते तशी. सांगलीच्या बाईंनी सगळ्या मुलींना काळी चारच्या पट्टीत बसवलं होतं. माझा आवाज तिथे पोचायचा नाही, पोचला तर चिरकायचा. बाई एकदा सगळ्यांसमोर म्हणाल्या की हा आवाज मुलीचा नाही, टांगेवाल्याचा आहे. सोळाव्या वर्षी मी क्लास सोडला तो सोडलाच. प्रकाशशी लग्न झालं, लंडनला आले, फार्मसीच्या काउंटरमागे बत्तीस वर्षं उभी राहिले, पण बाथरूममध्येसुद्धा गुणगुणले नाही. हे सगळं मी तुला त्याच रविवारी स्टॅनमोरला तुझ्या घरी, तुझ्या सोफ्यावर बसून सांगितलं. तू ऐकून घेतलंस, रिमोट उचललास आणि त्यावरचं एक बटण तीनदा दाबलंस. गाण्याची पट्टी तीन पायऱ्या खाली आली. पडद्यावर लिहून आलं, उणे तीन.

"गळा कधी वाईट नसतो गं," तू म्हणालीस. "पट्टी चुकलेली असते."

चाळीस वर्षांनी मी गायले. तेही जपानीत, तुझ्या वहीत तू देवनागरीत लिहून ठेवलेले शब्द वाचत, अर्थाचा पत्ता नसताना. तू सांगितलंस की या गाण्यांना एन्का म्हणतात आणि ती गाणाऱ्या बायकांत माझ्यापेक्षा खर्जातल्या आवाजाच्या पुष्कळ आहेत, लोक त्यांच्यासाठी वेडे होतात. परत येताना गाडीत माझे डोळे गळत होते. प्रकाशला सांगितलं की हे-फीव्हर आहे, उन्हाळ्यातली ती परागांची ॲलर्जी. सप्टेंबर होता, पण त्या बिचाऱ्याने टिश्यूचा डबा पुढे केला.

मग आपला दर महिन्याचा दुसरा रविवार ठरून गेला. दुपारी दोनला तुझी फ्रंट रूम, बटाटेवडे, ग्रीन टी आणि ती गाणी. सगळ्या गाण्यांत पाऊस, बंदर, दारू आणि न आलेला माणूस. प्रकाश म्हणायचा, या लोकांच्या बोटी कधी वेळेवर येत नाहीत का. तरी एकही रविवार त्याने चुकवला नाही, आणि प्रत्येक वेळी तेच एक जुनं हिंदी गाणं म्हणून आपल्याला छळलं. मोरीसान यायचे एजवेअरहून, बसने, टाय लावून. जपानी हॉटेलात जन्मभर आचारी म्हणून राबलेला माणूस, बायको गेल्यापासून एकटा. पहिल्या दिवशी तुझ्याशी जपानीत बोलायला लागले ते तासभर थांबलेच नाहीत. तू नंतर म्हणालीस की ते सात महिन्यांत कुणाशी आपल्या भाषेत चार वाक्यं बोलले नव्हते.

आणि गाण्यांच्या मध्ये शिरितोरी. आपल्या अंत्याक्षरीसारखीच, पण गाण्यांऐवजी शब्दांची. एकाच्या शब्दाचं शेवटचं अक्षर दुसऱ्याने घ्यायचं. आपल्याकडे मराठी आणि जपानी दोन्ही चालायचं, त्यामुळे भांडणं दुप्पट. नियम एकच कडक होता, शब्द 'न'वर संपला की तुम्ही हरलात, कारण जपानीत त्या सुट्या 'न'ने शब्दच सुरू होत नाही. मराठीत 'न'वरून ढीगभर शब्द आहेत असं मी किती कंठशोष केला, पण मोरीसान ऐकायला तयार नव्हते. हरेल त्याने पुढचं गाणं म्हणायचं. नवे लोक हरायला घाबरायचे. आणि तू? तुला गायचं असलं की तू मुद्दाम हरायचीस. मोरीसान तुला हमखास 'तेम्पुरा' द्यायचे. रांगोळी, राजवाडा, राख, रास्पबेरी, सगळं जग 'रा'वरून सुरू होत असताना तू शांतपणे 'रामेन' म्हणायचीस आणि माइककडे हात करायचीस. आम्ही दर वेळी तितकेच हसायचो.

त्यानंतर तू तुझं गाणं म्हणायचीस. बंदरावर छोटी खानावळ चालवणारी एक बाई, शेवटचं गिऱ्हाईक गेल्यावरही दारातला कंदील उतरवत नाही. बस, इतकंच गाणं. ते फक्त तूच म्हणायचीस. मला वाटायचं, ते अवघड आहे म्हणून.

आता भांडणाकडे येते. ते टाळून कसं चालेल?

त्या फेब्रुवारीत तुझा घसा बसला होता. मी महिनाभर सुपरमार्केटच्या कार पार्कमध्ये गाडीच्या काचा वर करून तुझं गाणं बसवलं होतं, तुला सरप्राइज म्हणून. माझी पाळी आली तेव्हा मीच मशीनवर नंबर टाकला, तुझ्याकडे बघून हसले आणि अख्खं गाणं म्हटलं. प्रकाशने टाळ्या वाजवल्या, बाकीच्यांनीही. मोरीसान जमिनीकडे बघत होते. तू उठून किचनमध्ये गेलीस आणि तळण तळत बसलीस, वडे संपले तरी बाहेर आली नाहीस.

संध्याकाळी तुझा फोन. आवाज घोगरा, पण शब्द स्पष्ट. कराओकेत प्रत्येकाचं एक हक्काचं गाणं असतं, तो माणूस खोलीत असताना दुसऱ्याने ते म्हणायचं नसतं, इतकं साधं कळत नाही का? मला कुठून कळणार? आमच्या सांगलीत एखाद्याचं आवडतं गाणं त्याच्यासमोर म्हणणं म्हणजे त्याला मान देणं. तू म्हणालीस, हे म्हणजे मला उठवून माझ्या खुर्चीत बसणं झालं. मग तू ती गोष्ट सांगितलीस. कोबेला तुमच्या घराखाली सहा खुर्च्यांचा एक बार होता. माधवराव दिवसभर कामावर, तुला भाषा येईना, माणूस दिसेना. बार चालवणारी म्हातारी दुपारी तुला खाली बोलवायची आणि गाणी शिकवायची. हे गाणं तिचं होतं. अकरा वर्षांत तू ते तिच्यासमोर एकदाही म्हटलं नाहीस. तुम्ही इंग्लंडला निघालात तेव्हा तिने माइक तुझ्या हातात दिला आणि म्हणाली, आजपासून हे तुझं.

"ते मला दिलेलं आहे गं, वैजू," तू म्हणालीस.

आणि मी, जिभेला हाड नसलेली, म्हणाले, "गाणं म्हणजे काय साडी आहे का, द्यायला-घ्यायला? गाणी कुणाच्या मालकीची नसतात."

तू फोन ठेवलास. सहा आठवडे आपण बोललो नाही. दुसरा रविवार आला आणि गेला, मी घरी बसून कपाटं आवरली. मग एका मंगळवारी तुझा मेसेज आला, कौन्सिलने कचऱ्याच्या बिनचा वार बदललाय, आता शुक्रवार. मी लिहिलं, हिरवं की काळं? तू लिहिलंस, दोन्ही. झाला समेट. आपल्या दोघींना माफी मागता येत नाही, हे एका दृष्टीने बरंच होतं. पण गाण्याचा विषय पुन्हा कधी निघाला नाही. तुझं म्हणणं मला पटलं नव्हतं आणि माझं तुला. मी ठरवून टाकलं की ते गाणं पुन्हा तोंडातून काढायचं नाही, कार पार्कमध्येसुद्धा.

नंतर तुझी फुप्फुसं आखडत गेली. आधी जिना जड झाला, मग वडे तळणं, मग बोलणं. गेल्या ऑक्टोबरच्या रविवारी तू नाकातली ऑक्सिजनची नळी सावरत 'रामेन' म्हणालीस आणि तुझं गाणं लावलंस. पहिलं कडवं पार पाडलंस. दुसऱ्या कडव्याच्या तिसऱ्या ओळीशी तुझा श्वास संपला. तू थांबलीस. वाद्यं वाजत राहिली, पडद्यावर अक्षरांचा रंग एकेक करून बदलत राहिला. खोलीतल्या प्रत्येकाला ती ओळ येत होती. मोरीसान मान खाली घालून बसले, कारण त्यांचा तो रिवाज. मी बसून राहिले, कारण मी तसं ठरवलं होतं. गाणं आपलं आपण वाजत शेवटपर्यंत गेलं.

शरयू, मी ती ओळ उचलायला हवी होती का? हॉस्पिटलमध्ये तुझ्याजवळ बसून मी दहा वेळा हे विचारायला तोंड उघडलं आणि दहा वेळा तुला पाणी हवंय का ते विचारलं. तूही नर्सच्या चहाला नावं ठेवत राहिलीस. सगळ्यात जास्त मला हेच लागून राहिलं होतं. तू गेल्याचं दुःख आहेच, पण ते सगळ्यांना आहे. हे माझं एकटीचं होतं.

तर परवाचा रविवार. रेवाने वडे केले होते. आकार बघून तू हसली असतीस, पण चव तुझीच. तुझ्या खुर्चीत कुणी बसेना, म्हणून मोरीसाननी आपला कोट तिच्यावर ठेवला, म्हणजे ती रिकामी दिसू नये. प्रकाशने आपलं ते गाणं म्हटलं. पहिल्यांदाच मला ते इतकं वाईट वाटलं नाही. मोरीसाननी त्यांचं डोंगरातल्या खेड्याचं गाणं म्हटलं. प्रत्येकाच्या मनात एकच गाणं, आणि त्याचं काय करायचं ते कुणाला माहीत नाही. मी मनाशी पक्कं केलं होतं की आजचा दिवस निभावून न्यायचा, मशीन गुंडाळायचं आणि माळ्यावर टाकायचं. चॅरिटी शॉप नको तर माळा, फरक काय?

रेवाच म्हणाली, शिरितोरी खेळू. लहानपणापासून हे सगळं वरच्या खोलीतून ऐकत आलेली पोर, होमवर्कच्या नावाखाली. खाली येऊन एकदाही खेळली नव्हती. शब्द फिरायला लागले. प्रकाश अडखळला, सावरला. रेवा म्हणाली, "कराते." तिच्या शेजारी मोरीसान. 'ते'वरून त्यांना शंभर शब्द येत असतील. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला, टाय सरळ केला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "तेम्पुरा."

खोलीत कुणी हसलं नाही. मी त्यांच्याकडे पाहिलं. मला फोनवर त्यांनी आठवड्यापूर्वी सांगितलं होतं की माणूस खोलीत नसला की गाणं मोकळं होतं. मी तेव्हा ऐकून सोडून दिलं होतं. माझ्या जिभेवर रांगोळी होती, राजवाडा होता. एक रांगोळी म्हटली असती तर खेळ पुढे गेला असता आणि मी सुटले असते.

मी म्हणाले, "रामेन."

रेवाने तुझी लांबट वही उघडली, गाण्याचा नंबर बघायला. तुझी पद्धत तुला माहीत आहेच. प्रत्येक गाण्यापुढे गाणाऱ्याचं अक्षर आणि त्याची पट्टी. मो. उणे एक. प्र. अधिक दोन. ती पानं उलटता उलटता थांबली. म्हणाली, "मावशी, हॉस्पिटलमध्ये आईनी वही मागितलेली. मला वाटलं वाचायला." आणि वही माझ्याकडे वळवली.

तुझ्या गाण्यापुढे तुझा 'श.' होता, सुरेख, निळ्या शाईत. त्याच्याखाली पेन्सिलीने, नागमोडी गेलेल्या अक्षरांत: वै. उणे तीन. दुसऱ्या कडव्यात श्वास लवकर घे, शहाणपणा करू नकोस.

मी तिथेच रडले, सगळ्यांसमोर, आणि या वेळी हे-फीव्हरचं नाव घेतलं नाही. मग बटण तीनदा दाबलं आणि माइक घेतला.

गायले गं. टांगेवाल्याच्या आवाजात गायले. खानावळ, कंदील, सगळं. दुसऱ्या कडव्याआधी तू सांगितलंस तसा श्वास लवकर घेतला, पण रडल्यावर श्वास कुठे ऐकतो? बरोबर तुझ्याच जागी, तिसऱ्या ओळीशी, माझा आवाज बसला. वाद्यं पुढे चालली. पडद्यावरच्या अक्षरांचा रंग बदलायला लागला. आणि माझ्या शेजारून कुणीतरी ती ओळ उचलली. शब्द बरोबर, वळण बरोबर, थरथरसुद्धा बरोबर. रेवा गात होती. वहीत न बघता.

माझं हक्काचं गाणं मला मिळून दोन मिनिटं झाली नव्हती, आणि तुझी मुलगी माझ्यासमोर उभी राहून ते म्हणत होती. तुझ्या नियमाने मी उठून वडे तळायला जायला हवं होतं. मी माइक तिच्याकडे सरकवला आणि शेवटपर्यंत आम्ही दोघींनी मिळून म्हटलं. संपल्यावर सगळ्यांत आधी टाळ्या कुणी वाजवल्या असतील, तर मोरीसाननी.

मशीन आता आमच्या फ्रंट रूममध्ये, रेडिएटरशेजारी आहे. दुसरा रविवार आमच्याकडे. वहीही माझ्याकडेच आहे, आणि काल मी पेन्सिल घेऊन त्या पानावर तुझ्या नि माझ्या अक्षराखाली 'रे.' लिहिलंय. पट्टीची जागा मोकळी ठेवलीय. तिची पट्टी अजून शोधायचीय.